तुमची जागा ताटात आहे

प्रति,
जांभळाच्या सालीतले अँथोसायनिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, हळदीतलं कर्क्युमिन, कोकमातलं गार्सिनॉल, चहातले कॅटेचिन, शेंगदाण्याच्या तेलातलं ई जीवनसत्त्व आणि तुमचं बाकीचं सगळं गणगोत यांस,



मी आंबिवलीत राहते आणि स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात काम करते. तुमच्यापैकी पुष्कळ जण रोज माझ्या हाताखालून जातात, पण बाटल्यांत भरलेले. ग्रीन टीचा अर्क, द्राक्षाच्या बियांचा अर्क, हळदीच्या कॅप्सूल, आवळ्याचा रस, अर्जुनसालीची पूड. घेणारी माणसं बहुधा पन्नाशीच्या पुढची. कुणाची स्वतःची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणाच्या भावाची, कुणाच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक छापून आलेला असतो. बाटली उलटसुलट करून ती विचारतात, "ताई, हार्टला चांगलं ना हे?" इथवर ठीक. पुढच्या प्रश्नाने मात्र माझ्या पोटात गोळा येतो. "मग ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर चालेल का?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र आहे. मला तुमच्याबद्दल आदर आहे. तुमच्या नावावर बाजारात जे विकलं जातं त्याबद्दल चिंताही आहे. तुमच्याशी जे बोलायचं ते चारचौघांना ऐकू यावं, म्हणून पत्र उघडं ठेवते आहे.

आधी तुमची ओळख. माणसाच्या हृदयाची काळजी वाहायला तुम्ही जन्माला आला नाहीत. झाडाला ऊन टाळता येत नाही, किडा आला तर पळून जाता येत नाही. भर दुपारी पानावर ऊन पडतं, प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं आणि त्या गडबडीत ऑक्सिजनचे काही रेणू बिथरतात. हे बिथरलेले रेणू शेजारच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पेशीची नासधूस करतात. त्यांना आवरायला झाडाने तुम्हांला घडवलं. कुणी किडीला कडू लागावं म्हणून आलं, कुणी पाखराला पिकलेलं फळ दिसावं म्हणून रंग घेऊन आलं. चिरलेलं वांगं हवेत काळं पडतं तेही तुमच्याचमुळे. पेशी फुटली की त्यातली पॉलिफिनॉल्स ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि काळपट रंग येतो.

झाडाच्या पेशीत ऑक्सिजन काय करतो हे शोधणाऱ्यांत एक मराठी बाई होती, हे इथे सांगायलाच हवं. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की वनस्पतीच्या ऊतींतही सायटोक्रोम सी असतं आणि पेशीच्या श्वसनात ते भाग घेतं. १९३९ मध्ये त्यांना त्या कामावर पीएच.डी. मिळाली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी आणि नीरा हे विषय हाती घेतले. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा आली की तब्येत सुधारते, हे त्यांच्या गटाच्या कामातून पुढे आलं. मोठ्या प्रयोगशाळेत शिकलेली बाई मायदेशी येऊन गरिबाच्या ताटात काय आहे ते तपासू लागली. तुमच्याकडे बघण्याची हीच दृष्टी मला खरी वाटते, आणि या पत्रात मी तिलाच धरून चालणार आहे.

आता हृदयाशी तुमचं नाव कसं जोडलं गेलं ते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण असतात. ते धमनीच्या अस्तराखाली शिरले आणि तिथे त्यांचं ऑक्सिडेशन झालं, की शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना परके समजून गिळतात. गिळून गिळून त्या पेशी चरबीने फुगतात, मरतात, तिथे थर साचतो, आणि एखाद्या दिवशी तो थर फाटून वर रक्ताची गुठळी धरते. डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ही साखळी नीट मांडली. त्यावरून सरळ आशा निर्माण झाली. ऑक्सिडेशनमुळे बिघाड होत असेल, तर ऑक्सिडेशन रोखणारे, म्हणजे अँटिऑक्सिडंट असलेले तुम्ही तो टाळाल.

आशेला आधारही मिळाला. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातल्या ६५ ते ८४ वर्षं वयाच्या ८०५ पुरुषांचा आहार मायकेल हर्टोख यांनी तपासला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांच्या आहारात तुमच्यातले फ्लॅव्होनॉइड जास्त होते त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी दिसले. फ्लॅव्होनॉइड येत होते ते चहा, कांदा आणि सफरचंद यांतून. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आंबिवलीच्या कुठल्याही घरात सकाळी सातच्या आत हजर असतात.

इथून दोन वाटा फुटल्या. एक वाट होती लोकांना कांदा, फळं, भाज्या जास्त खायला सांगण्याची. दुसरी होती तुम्हांला अन्नातून बाहेर काढून गोळीत भरण्याची. दुसरी वाट जास्त खुणावणारी होती. गोळी मोजता येते, विकता येते, आणि खाणाऱ्याला बाकी काही बदलावं लागत नाही. १९९६ मध्ये केंब्रिजच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्या हृदयरुग्णांत जीवघेणे नसलेले झटके बरेच कमी दिसले, आणि गोळ्यांचा खप वाढला.

पण मोठी परीक्षा पुढे व्हायची होती. केरळात जन्मलेले, बेंगळुरूत डॉक्टर झालेले आणि कॅनडात काम करणारे सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 'होप' नावाची चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ९,५४१ जण तिच्यात होते. काहींना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व, तेही नैसर्गिक स्रोतातून काढलेलं, आणि काहींना त्याच्यासारखीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. सरासरी साडेचार वर्षं हे चाललं. २००० साली निकाल लागला. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत झटके, पक्षाघात, मृत्यू यांत फरक नव्हता. त्याच चाचणीत, त्याच माणसांत, रॅमिप्रिल नावाचं औषधही तपासलं जात होतं. त्याने हे धोके सुमारे २२ टक्क्यांनी कमी केले. रॅमिप्रिल आमच्या दुकानातही मिळतं. साधी, छोटी गोळी. तिच्या पाकिटावर द्राक्षाचा घड नसतो की हिरवं पान नसतं.

मग आणखी निकाल आले. ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांच्या चाचणीत ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं. २००२ मध्ये कळलं की हृदयाला फायदा नाही. फिनलंडमध्ये त्याआधीच, १९९४ साली, धक्का बसला होता. सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या त्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरात आणि लाल भोपळ्यात राहून कुणाचं वाईट न करणारे तुम्ही, वेगळे काढून, भरमसाट मात्रेत, तंबाखूने आधीच पोळलेल्या शरीरात ढकलल्यावर उलटलात.

असं का झालं, याची उत्तरं आता बरीचशी हाती आहेत, आणि ती तुमची बदनामी करणारी नाहीत. पहिलं म्हणजे तुम्ही पोटात गेलात म्हणून रक्तात पोचत नाही. कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच्याबरोबर मिऱ्यातलं पायपेरिन दिलं तेव्हा शोषण कितीतरी पटींनी वाढलं, तरी रक्तातलं प्रमाण थोडंच राहिलं. अँथोसायनिनचा मोठा भाग मोठ्या आतड्यापर्यंत जातो आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. ते तुकडे रक्तात येतात. म्हणजे परीक्षानळीत तुम्ही जो पराक्रम गाजवता, त्याच रूपात तुम्ही धमनीपर्यंत पोचतच नाही.

दुसरं म्हणजे तुमचं काम बहुधा वेगळंच आहे. बिथरलेल्या ऑक्सिजनवर थेट झडप घालण्यापेक्षा तुम्ही पेशींना इशारे देता. धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं, धमनी सैलावते, शरीराची स्वतःची संरक्षक विकरं जागी होतात. या कामाला थोडी मात्रा पुरते, ती रोज लागते, आणि तिच्या सोबतीला तंतू, पोटॅशियम आणि बाकीचं सगळं अन्न लागतं. आतड्यातल्या ज्या जिवाणूंवर तुमची सगळी भिस्त, त्यांना तंतू हवेत. आणि तंतू अर्काच्या कॅप्सूलमध्ये नसतात.

अमेरिकेच्या कृषी विभागाने पूर्वी खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद मोजून एक मोठा तक्ता ठेवला होता. त्यातले आकडे जाहिरातींत झळकू लागले, अमुक फळात तमुकच्या दसपट. २०१२ मध्ये त्या विभागाने तो तक्ता काढून घेतला, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध लावता येत नव्हता. आमच्या काउंटरवरच्या काही बाटल्यांवर तसले आकडे अजून छापलेले असतात.

तुमच्या बाजूनेही एक निकाल सांगते, म्हणजे मी एकतर्फी लिहिते असं कुणाला वाटायला नको. २०२२ मध्ये 'कॉसमॉस' चाचणी प्रसिद्ध झाली. २१,४४२ ज्येष्ठ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉल दिले होते. झटका, पक्षाघात वगैरे सगळं मिळून धरलेल्या मुख्य कसोटीवर खात्रीचा फायदा दिसला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. त्यातून पुढे काही चांगलं निघू शकतं. आणखी चाचण्या व्हायला हव्यात. पण आज या भरवशावर कुणी आपली गोळी सोडू नये.

आता माझ्या गावाकडे येते. आंबिवली आणि मोहने बाहेरच्यांना माहीत झालं ते रेयॉनमुळे. नॅशनल रेयॉनच्या कारखान्याने इथल्या कितीतरी घरांना पगार दिला, वसाहत दिली. २००९ मध्ये तो बंद पडला. कारखान्याची शिफ्ट आणि दिवसाची वेळ एकच मानणारी माणसं आता सत्तरीत आहेत. तीच माझी गिऱ्हाइकं.

रेयॉनही झाडापासूनच होतं. लाकडाचा लगदा घेऊन त्यातलं तुमचं फिनॉलचं सगळं गोत धुऊन टाकतात आणि निव्वळ सेल्युलोज उरवतात. व्हिस्कोस पद्धतीत त्या सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करतात. हे मी कुण्या एका कारखान्याबद्दल लिहीत नाही. जगात जिथे जिथे व्हिस्कोस रेयॉन बनतं तिथे कार्बन डायसल्फाइड लागतं. १९६८ मध्ये ब्रिटनमधल्या टिलर, शिलिंग आणि मॉरिस यांनी दाखवून दिलं की रेयॉनच्या ज्या कामगारांचा त्याच्या वाफेशी संबंध येतो, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे जास्त असतात. हृदयविकार पैसेवाल्यांच्या ताटातून येतो अशी समजूत असण्याच्या काळात कळलं की तो कामाच्या जागच्या हवेतूनही येतो.

त्याच सुमारास फिनलंडमध्ये स्वेन हर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेयॉनच्या ३४३ कामगारांची कागद कारखान्यातल्या ३४३ कामगारांशी तुलना सुरू केली. पहिल्या काही वर्षांत रेयॉनच्या कामगारांत हृदयविकाराने झालेले मृत्यू पावणेपाच पटींच्या आसपास होते. हे पाहून तिथे नुसते अहवाल लिहून थांबले नाहीत. हवेतल्या कार्बन डायसल्फाइडची मर्यादा खाली आणली, ज्यांच्या हृदयाला आधीच धोका होता त्यांना त्या खात्यातून हलवलं. पंधरा वर्षांचा पाठपुरावा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो जादा धोका ओसरलेला होता.

माझ्या प्रिय अँटिऑक्सिडंट्सनो, ही गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. त्या कामगारांची हृदयं कोणत्याही अर्काने वाचली नाहीत. कारखान्याची हवा शुद्ध केल्याने वाचली. आज भट्ट्यांवर, रंगकामावर, गॅरेजात, वाहतुकीच्या धुरात दिवस काढणारा माणूस माझ्याकडे येतो आणि तुमची बाटली मागतो, तेव्हा त्याच्या फुप्फुसात काय जातं ते आधी कुणीतरी विचारायला हवं. त्याच्या खिशात तंबाखूची पुडी असेल तर तेही. मशेरी लावणाऱ्या मावशींना तर कुणी कधी विचारतच नाही, तंबाखूचा हृदयाशी संबंध आहे हे त्यांच्या कानावरच गेलेलं नसतं. ती पुडी सुटली तर जे होईल ते तुम्ही सगळे एकत्र येऊनही करू शकणार नाही.

तुमच्यातल्या अर्जुनाबद्दल वेगळं लिहायला हवं. अर्जुनसादडा, गुळगुळीत फिकट खोडाचा, नदीकाठी वाढणारा. आयुर्वेदात हृदयासाठी त्याची साल शतकानुशतकं दिली जाते आणि इथल्या घरांत ती दुधात उकळून पिणारी माणसं आहेत. त्यांची चेष्टा केलेली मला खपत नाही. परळच्या हाफकिन संस्थेतल्या काइयस आणि म्हसकर यांनी १९३० मध्येच अर्जुन आणि त्याच्या भावंडांच्या सालींचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्याकडे चौकशीची परंपरा आहे ती ही. २००१ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी १०५ हृदयरुग्णांचे तीन गट केले: एकाला पोकळ औषध, एकाला ई जीवनसत्त्व, एकाला रोज ५०० मिलिग्रॅम अर्जुनसालीची पूड. महिन्याभरात अर्जुन घेणाऱ्यांत एलडीएल सुमारे १५.८ टक्क्यांनी उतरलं. आशा वाटावी असा हा निकाल, पण माणसं थोडी आणि अवधी एका महिन्याचा. दिल्लीच्या एम्समध्ये हृदय अशक्त झालेल्या रुग्णांवर अर्जुनाच्या अर्काची दुहेरी अंध चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद त्याने वाढली नाही.

याच्या शेजारी एक तुलना ठेवते. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांना सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी किंवा पोकळ गोळी पाच वर्षांहून अधिक काळ दिली, आणि १९९४ मध्ये दिसलं की औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी कमी झाले. मृत्यू कमी झाले, याचा अर्थ घरातली माणसं घरात राहिली. अर्जुनाला मी कमी लेखत नाही. त्याचीही अशीच मोठी, लांब परीक्षा व्हावी, आणि ती इथल्या रुग्णालयांत व्हावी, अशी माझी मागणी आहे. फॉक्सग्लोव्ह या झाडातल्या द्रव्यावर अशीच मेहनत झाली म्हणून आज डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजून देता येतं. झाडातलं द्रव्य औषध होऊ शकतं, पण त्याला मात्रा ठरवून घ्यावी लागते, धोका मोजून घ्यावा लागतो. तोवर अर्जुनसाल घ्यायची तर डॉक्टरांच्या कानावर घालून, आणि चालू गोळ्यांसोबत. त्यांच्या बदल्यात कधीच नाही.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा. ई जीवनसत्त्वाची गोळी कुचकामी आहे असं दाखवणाऱ्या त्याच सलीम युसूफ यांनी 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास केला. ५२ देशांत पहिला झटका आलेली माणसं आणि निरोगी माणसं यांची तुलना. २००४ मध्ये निघालं ते असं: नऊ गोष्टी मिळून पहिल्या झटक्याच्या धोक्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समजावून सांगतात, आणि त्यातली एक म्हणजे रोज फळं आणि भाज्या न खाणं. रोज खाणाऱ्यांत धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी. तुमचं अख्खं चरित्र या एका संशोधकाच्या दोन अभ्यासांत सापडतं. गोळीतले तुम्ही निष्फळ ठरलात, भाजीतले तुम्ही ठरला नाहीत.

त्याच माहितीतून दक्षिण आशियाई माणसांचा भाग नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा काढला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पहिला झटका येण्याचं वय सुमारे ५३, इतर देशांत सुमारे ५९. सहा वर्षं आधी. घरातला कमावता माणूस, मुलीचं लग्न व्हायचं असताना, घराचे हप्ते फिटायचे असताना. आणि त्याच अभ्यासात, निरोगी लोकांपैकी रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के होते, इतरत्र ४५.२ टक्के. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या भागात रोज भाजी आणि फळ खाणारे चारांतले एक. आपलं बरंचसं ताट भात, पोळी, साबुदाणा, फरसाण, वडापाव यांनीच भरतं. भाजी असते ती चवीपुरती, पोळीला लावायला.

आणि इथे मला आंबिवलीचं भाग्य दिसतं. आम्ही कल्याण-कसारा मार्गावर आहोत. पावसाला सुरुवात झाली की खडवली, वासिंद, आसनगावकडच्या कातकरी आणि ठाकूर बायका टोपल्या घेऊन लोकलने येतात आणि स्टेशनबाहेर बसतात. आधी शेवळं, त्यांच्या जोडीला खाज मारायला काकडं. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. श्रावणात करटोली. उन्हाळ्याच्या शेवटी करवंदं आणि बदलापूरकडची जांभळं, जीभ निळी करणारी. या पानांत आणि फळांत तुम्ही आहात, सोबत तंतू आहेत, लोह आहे, पोटॅशियम आहे. माझ्या काउंटरवर एका महिन्याच्या अर्काला जे पैसे मोजले जातात, त्यात या बायकांकडून घरात कित्येक दिवसांची भाजी येईल, आणि ते पैसे त्यांच्या पोरांच्या वहीपुस्तकाला जातील. तरी लोक त्यांच्याशी पाच रुपयांची घासाघीस करतात आणि माझ्याकडे छापील किंमत मुकाट्याने देतात. हे मला बघवत नाही.

वर्षाचे बाकीचे महिनेही रिकामे नाहीत. नाचणीच्या लालसर सालीत तुम्ही आहात, म्हणून भाकरी अख्ख्या दाण्याच्या पिठाची हवी. कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत क्वेर्सेटिन सगळ्यात जास्त, म्हणून सोलताना दोनतीन जाड थर कचऱ्यात टाकू नयेत. पालेभाजी उकडून पाणी ओतून दिलं तर पाण्यात विरघळणारे तुम्ही मोरीत जाता. शेवळं-टाकळ्याला ते करावंच लागतं, पण मेथीला आणि माठाला गरज नाही. कोकमाचं सार उत्तम, पण आगळात मीठ मुबलक असतं, रक्तदाबाच्या माणसाने बिनमिठाची आमसुलं घ्यावीत. आणि तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नये. त्या तेलाचं ऑक्सिडेशन कढईतच झालेलं असतं, त्यावर कुठलाही अर्क घेऊन उपयोग नाही.

स्पेनमध्ये ७,४४७ जणांवर झालेल्या 'प्रेडिमेड' चाचणीत भाज्या, डाळी, सुका मेवा, ऑलिव्ह तेल असा पूर्ण आहारच तपासला. गट पाडण्यातल्या त्रुटी हिशेबात धरून २०१८ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली. मोठ्या हृदयघटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आपल्याला ऑलिव्हची गरज नाही. शेंगदाणा आहे, तीळ आहे, कुळीथ आहे, मूग आहे. आपल्या ताटाची अशी मोठी चाचणी आपल्या राज्यात कुणीतरी करावी, ही माझी दुसरी मागणी.

काही खबरदारीच्या गोष्टी, तुमच्याच भल्यासाठी. वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या माणसाने हिरव्या भाज्या सोडू नयेत, पण रोज साधारण तेवढ्याच खाव्यात. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने त्या औषधाचा परिणाम बदलतो, एक दिवस ढीगभर आणि चार दिवस शून्य असं केलं की मात्रा चुकते. त्याच माणसाने हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. फोडणीतल्या चिमूटभर हळदीला कुणी घाबरू नये. ग्रेपफ्रूटचा रस स्टॅटिन नावाच्या कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो. जास्त मात्रेच्या हळदीच्या गोळ्यांनी आणि ग्रीन टीच्या अर्काने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असं तुमच्यापैकी कुणीच कधी म्हटलेलं नाही. ते तुमच्या नावाने पाकिटावर छापलं जातं.

तेव्हा, अँटिऑक्सिडंट्सनो, काउंटरवर पुन्हा तो प्रश्न आला की मी काय सांगणार आहे ते तुमच्या साक्षीने लिहून ठेवते. "काका, कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. बीपीची गोळी घ्या. तंबाखू सोडा. रोज अर्धा तास चाला. ही बाटली ठेवून द्या, आणि या पैशांत घरी जाताना भाजी घ्या, फळ घ्या. रोज घ्या." आमच्या दुकानाचा खप यात थोडा कमी होईल. होऊ दे. इथल्या घराघरांत पन्नाशीचा माणूस साठी ओलांडून सत्तरीला पोचला पाहिजे, आणि त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी, शुद्ध हवा आणि भरलेलं ताट ही तिन्ही एकत्र लागतात. तिसऱ्या कामाला तुम्ही आहात. ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करत नाही.



तुमची,
औषधाच्या दुकानातली ताई,
आंबिवली, ता. कल्याण, जि. ठाणे